दप्तराबाहेरची शुश्रूषा

भोपाळच्या पूर्वेस, जुन्या शहराच्या दरवाज्यांपासून आणि तलावांपासून बऱ्याच अंतरावर, जेथे नबाबी अमलात शेते आणि विरळ वस्तीची खेडी होती, तेथे १९५६ नंतरच्या काही वर्षांत आखीव रस्त्यांची आणि एकाच साच्याच्या घरांची जी वसाहत उभी राहिली, तिचा बरखेडा हा एक भाग होय. १९५६ च्या ऑगस्टात हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी नोंदविली गेली, इंग्लंडातील असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीचे तांत्रिक साह्य घेऊन कारखाना बांधला गेला, आणि ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुढे १९७४ मध्ये ही कंपनी भेलमध्ये विलीन झाली आणि बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा, हबीबगंज ही निरनिराळी नावे लोकांच्या तोंडी ‘भेल एरिया’ या एका नावात सामावली. त्याच १९५६ सालच्या १ नोव्हेंबरला भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूरचे राजधानीपण गेले, तेव्हा सचिवालयातील दप्तरांबरोबर कित्येक मराठी कारकून, शिरस्तेदार आणि अधिकारी बिऱ्हाडे पाठीशी बांधून इकडे आले. कारखान्याने पुण्या-नागपुराकडचे अभियंते आणि कारागीर ओढून घेतले ते वेगळेच. भोपाळातील मराठी समाजाचा आजचा पुष्कळसा भाग या दोन प्रवाहांनी बनलेला आहे.

या माणसांना येथे नोकरी मिळाली, पगाराच्या श्रेणीप्रमाणे क्वार्टर मिळाले, मुलांना शाळा आणि आजाऱ्यांना कस्तुरबा रुग्णालय मिळाले. मागे राहिले ते माणसांनी भरलेले घर. वाड्यात आजी, चुलत्या, विधवा आत्या, न शिकलेला धाकटा काका अशी जी मंडळी दिवसाकाठी काही ना काही काम उरकत असत, ती नागपुरात, अमरावतीत किंवा साताऱ्यात राहिली, आणि येथे उरले नवरा, बायको, दोन-तीन मुले व कारखान्याचा भोंगा. अशा घरात विशीच्या आतबाहेरच्या मुलाला भास होऊ लागले, शेजारी आपल्याविषयीच बोलतात, रेडिओतून आपल्यालाच हुकूम येतात असे तो सांगू लागला, आणि कानातला आवाज बंद व्हावा किंवा निदान झोप यावी म्हणून तो दारूकडे वा गांजाकडे वळला, म्हणजे त्याला सांभाळण्याचे काम दोन खोल्यांत आणि बहुतेक वेळा एकाच स्त्रीच्या वाट्याला येई. कारण बाप पाळीवर गेलेला असे, आणि रात्रपाळी असली तर रात्रही तिची एकटीची असे. मनोरुग्णांच्या परिचर्येचा आपल्याकडील इतिहास इस्पितळांच्या आणि कायद्यांच्या सनावळीने लिहिला जातो. पण रुग्णांचा फार मोठा भाग सर्वच काळी घरातच राहिला, आणि ज्या घराने त्याला सांभाळले त्याची दप्तरात नोंद झाली ती अर्जदार, जामीनदार किंवा खर्च देणारा एवढ्याच नात्याने. सांभाळणाऱ्यालाही साह्य लागते, हा विचार आपल्याकडे फार उशिरा आला, आणि तो शासनाने आणला नाही, सांभाळणाऱ्यांनी स्वतः आणला, असे माझे मत आहे.

जुन्या एकत्र कुटुंबाचे गोडवे गाण्याचा मात्र येथे उद्देश नाही. वाड्यात हात पुष्कळ होते हे खरे. शेतावर, गोठ्यात, देवघरात भ्रमिष्ट माणसाला बसवून ठेवता येईल असे एखादे काम सापडे, आणि तो कमावत नाही म्हणून त्या दिवशी चूल बंद राहत नसे. परंतु त्याच वाड्यात मागची कोंदट खोली होती, तिला बाहेरून कडी होती, आणि क्वचित पायात साखळीही होती. दारूबाज मुलाला जमिनीचा वाटा देऊन वेगळे काढण्याची, आणि त्याने तो वाटा सावकाराच्या घशात घातला म्हणजे त्याच्या बायकामुलांना पुन्हा चुलीपाशी घेण्याची वहिवाटही जुनीच. याहून क्रूर असा एक उपाय सर्रास सुचविला जाई आणि अद्यापि सुचविला जातो, तो म्हणजे लग्न. मुलाचे डोके ठिकाणावर नसले तर ‘लग्न करून टाका, संसार पडला की ताळ्यावर येईल’ असे सांगणारे वडीलधारे प्रत्येक गावात होते; आणि या सल्ल्याचा अर्थ एवढाच होता की, थकलेल्या आईच्या जागी एक ताजी, अजाण आणि तक्रार करण्याचा अधिकार नसलेली शुश्रूषिका आणावयाची, तीही हुंडा घेऊन. उलट भ्रम सुनेला झाला तर तिची रवानगी माहेरी होई, आणि सांभाळण्याचे ओझे पुन्हा एका आईवरच पडे.

ज्यांना घरात उपाय चालेना ते देवाच्या दारी जात. बाहेरची बाधा झाली आहे, कोणी करणी केली आहे, पितर अतृप्त आहेत, अशी निदाने होत, आणि कुटुंबे गाणगापुराला भीमा-अमरजेच्या संगमावर, नरसोबाच्या वाडीला, एखाद्या दर्ग्यात किंवा महानुभावांच्या मंदिरात महिनेच्या महिने मुक्काम करीत. अंधश्रद्धा म्हणून हे सारे एका वाक्यात निकालात काढणे सोपे आहे, आणि उपचार लांबल्याने असंख्य तरुणांचे नुकसान झाले हेही खरेच आहे. तथापि या स्थानांची एक गोष्ट आधुनिक इस्पितळांनी फार काळ पाहिली नाही. तेथे रुग्ण एकटा येत नसे. व्हिएडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात राहून जे पाहिले आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध केले, ते या दृष्टीने फार विचार करायला लावणारे आहे: आजारी मुलाबरोबर किंवा नवऱ्याबरोबर आलेल्या स्त्रियांच्याच अंगात येई, आणि त्याची पीडा आपल्या अंगावर घेण्याची त्यांची तयारी हा तेथील उपचाराचा मान्य भाग होता. आई आजारी पडते ती मुलाऐवजी. या गोष्टीत भक्ती किती आणि शिणलेल्या देहाने शोधलेली वाट किती, हे ठरविण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. पण सांभाळणारीच्या यातनेला तेथे निदान एक जागा होती, प्रेक्षक होते आणि नाव होते.

इंग्रजी अमलाने वेड्यांची इस्पितळे आणली. मुंबईला कुलाब्यात, नागपुरास १८६४ मध्ये, पुढे रत्नागिरी, ठाणे, येरवडा अशी ती होत गेली, आणि १८५८ च्या कायद्याने त्यांना शिस्त घातली. या इस्पितळांच्या दप्तरात एक रकाना होता: वेडाचे कारण. तो कोरा ठेवण्याची सोय नव्हती, आणि त्या रकान्यातून एक मोठे प्रकरण उद्भवले. गांजा-भांगेने हिंदुस्थानात वेड्यांची संख्या वाढते अशी ओरड विलायतेत झाली, १८९३ मध्ये पार्लमेंटात प्रश्न निघाला, आणि मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले गेले. खांडव्याकडे परवान्याने गांजा पिकत असल्यामुळे आणि नागपूर-जबलपुरास वेड्यांची इस्पितळे असल्यामुळे मध्यप्रांत हा या चौकशीचा महत्त्वाचा भाग होता. कमिशनने ११९३ साक्षीदार तपासले, आणि वेडाच्या रकान्याकडे वळल्यावर त्यास जे आढळले ते आजच्या कोणत्याही वैद्यकीय अधिकाऱ्याने वाचण्यासारखे आहे. १८९२ साली देशभरच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण गांजा-भांग असे लिहिलेले होते. हे कारण कोणी लिहिले, याचा माग काढता असे दिसले की, रस्त्यावर सापडलेल्या माणसाला पोलिसाने किंवा मॅजिस्ट्रेटच्या कारकुनाने कागदासह पाठविले, कागदावर ‘गांजा’ असे लिहिले, आणि इस्पितळाच्या सुपरिंटेंडंटाने त्याची नक्कल केली. घरच्या माणसांना कोणी विचारलेच नव्हते. कमिशनने या प्रकरणांची पुन्हा चौकशी करविली, गावाकडे आणि नातलगांकडे तपास केला, तेव्हा २२२ चे ९८ उरले, आणि त्यांतही केवळ गांजा-भांग हेच कारण मानता येईल अशी प्रकरणे ६१ होती.

गांजा निर्दोष आहे असा याचा अर्थ कोणी काढू नये. अतिसेवनाने मन बिघडू शकते हे कमिशननेही मान्य केले होते, आणि कोवळ्या वयात सुरू झालेले जबर सेवन मनोविकृतीचा धोका वाढविते असे अलीकडचे संशोधन सांगते. मला येथे दाखवावयाचे आहे ते वेगळेच. आधी भास की आधी नशा, हा प्रश्न तेव्हाही सर्वांत अवघड होता आणि आजही आहे. त्याचे उत्तर ज्याला ठाऊक असण्याचा संभव आहे तो माणूस म्हणजे घरातला, ज्याने मुलगा जेवणावरून उठून जाताना पाहिला, त्याचे एकट्याशी बोलणे भिंतीआडून ऐकले, आणि खिशात पुडी सापडण्यापूर्वी सहा महिने त्याने आरसा झाकून ठेवल्याचे ज्याला आठवते. त्याची साक्ष काढली की सरकारी आकडा निम्म्याहून खाली येतो, हे १८९४ च्या अहवालात छापून आलेले आहे. परंतु त्यावरून, या माणसाला आणखी काही विचारावे, त्याचे स्वतःचे कसे चालले आहे याची वास्तपुस्त करावी, असे कोणाला सुचले नाही.

वेड्यांविषयीच्या १९१२ च्या चौथ्या क्रमांकाच्या कायद्याने हीच दृष्टी कायम केली. मुंबई इलाख्यात, मध्यप्रांतात आणि स्वातंत्र्यानंतर देशातील बहुतेक भागांत जवळजवळ ऐंशी वर्षे हाच कायदा चालू होता. नवऱ्याने, बायकोने किंवा इतर नातलगाने मॅजिस्ट्रेटकडे दरखास्त करावयाची. दरखास्तीपूर्वी चौदा दिवसांच्या आत त्याने रोग्यास प्रत्यक्ष पाहिलेले असले पाहिजे. सोबत दोन वैद्यकीय दाखले. आणि पोषणाचा खर्च देण्याची लेखी हमी. बरे वाटलेल्या किंवा न वाटलेल्या रोग्याला घरी न्यावयाचे तर त्याची नीट काळजी घेऊ आणि त्याच्या हातून कोणास इजा होऊ देणार नाही असा मुचलका, जरूर तर जामीनदारासह. कायदा वाईट बुद्धीने केलेला होता असे नाही; भाऊबंदांनी जमिनीच्या लोभाने शहाण्या माणसाला वेडा ठरवू नये म्हणून यांतील पुष्कळशी बंधने घातलेली होती, आणि तशी उदाहरणे घडतही असत. तरीपण या सगळ्या कलमांत कुटुंब उभे आहे ते संशयिताच्या किंवा ऋणकोच्या पिंजऱ्यात. ज्या बापाने मुलाच्या हातून मार खाऊन दरखास्त लिहिली, त्याने दुसऱ्या दिवशी कामावर कसे जावे, ही बाब कायद्याच्या कक्षेत येत नव्हती.

बरखेड्यात क्वार्टरे भरू लागली त्या काळात भोपाळच्या माणसाला गंभीर मनोविकारासाठी प्रवास करावा लागे. उत्तरेकडे शिंद्यांच्या ग्वाल्हेरात १९३५ मध्ये स्थापन झालेली मानसिक आरोग्यशाला होती. दक्षिणेकडे इटारसीवरून नागपूर होते, आणि मराठी कुटुंबांना तेथे निदान आप्तांकडे उतरता येई. मधल्या काळात औषधशास्त्रात मोठी क्रांती झाली होती. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझीनचा वापर सुरू झाला आणि दशक संपण्याच्या आत ते भारतातील इस्पितळांत पोहोचले. ज्यांना जन्मभर कोठडीत राहावे लागले असते त्यांना गोळ्या देऊन घरी पाठविता येऊ लागले. ही गोष्ट आनंदाचीच होती. परंतु इस्पितळातून घरी पाठविणे म्हणजे परिचारकाचे काम घरावर टाकणे होय, याचा हिशेब कोणी मांडला नाही. गोळी जिभेखाली दडवून नंतर मोरीत थुंकली जाते की नाही हे पाहणे, हातापायांचा थरकाप पाहून पुन्हा गाडीचे तिकीट काढणे, पगाराच्या दिवशी दारूच्या दुकानाच्या वाटेवर उभे राहणे, शेजाऱ्यांना ‘त्याला टायफॉइड झाला होता, अशक्तपणा आहे’ असे सांगणे, हे सर्व काम विनावेतन, विनारजा आणि बव्हंशी गुपचूप होऊ लागले. वसाहतीत ही गुप्तता विशेषच जाचक असते. कारण तेथे शेजारी हाच सहकारी, त्याची बायको हीच भिशीतली मैत्रीण, आणि मुलीचे लग्न ठरताना चौकशी होते ती याच गल्लीत.

कुटुंबाला इस्पितळात घेण्याचा प्रयोग या देशात झालाच नाही असे मात्र नाही, आणि तो झाला तो एका अडचणीतून. फाळणीनंतर अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांच्यापुढे रुग्ण फार, जागा थोडी आणि माणसे त्याहून थोडी अशी स्थिती होती. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांना तेथे राहावयास बोलाविले. घरच्या माणसाने जेवू घालावे, जवळ बसावे, आणि संध्याकाळी डॉक्टरांनी सर्वांना एकत्र बसवून आजाराविषयी बोलावे. रुग्ण लवकर सुधारून घरी जाऊ लागले, आणि त्यांना परत नेण्यास कोणी का-कू करीना, कारण घरच्यांनी सुधारणा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असे. पुढे वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयानेही कुटुंबासह भरती करण्याची पद्धत अंगीकारली. याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने नऊ देशांत स्किझोफ्रेनियाची पाहणी आरंभिली, तिचे एक केंद्र आग्रा होते. आणि श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा भारतातील रुग्णांची गती बरी दिसते, असा अनपेक्षित निष्कर्ष आला. चंदीगडच्या एका अभ्यासात आढळले की, रुग्णाला सतत टोचून बोलणारी, त्याच्यावर दोष ठेवणारी घरे लंडनच्या मानाने तेथे कमी होती. भारतीय कुटुंबाची जगभर वाहवा झाली. वाहवेत एक धोका असतो. ज्याची स्तुती होते त्याला मदत करावी असे कोणाला वाटत नाही. म्हणून १९८१ मध्ये बंगळूरच्या शैला पै आणि रवी कपूर यांनी जे केले त्याचे मोल मला अधिक वाटते: त्यांनी कुटुंबावरील भार मोजण्याची एक प्रश्नावली तयार केली, पैसा किती गेला, रोजची कामे किती मोडली, करमणूक किती बंद झाली, घरातले बोलणे कसे तुटले, आणि इतरांचे शरीर व मन किती खालावले, असे सहा भाग करून. १८५८ पासून मोजले तर सव्वाशे वर्षांनी सांभाळणाऱ्यासाठी एक रकाना निघाला.

१९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री भोपाळात जी विषारी वायूची दुर्घटना घडली तिने या शहराच्या मनाची दुरवस्थाही उघडी पडली. वायूचा मुख्य आघात जुन्या शहरावर झाला. भेलची वसाहत त्या मानाने दूर होती. फुफ्फुसे आणि डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात येऊ लागले की, रांगेत उभ्या असलेल्यांपैकी पुष्कळांची व्यथा भीतीची, शोकाची आणि झोप उडाल्याची आहे. आणि त्या वेळी मध्यप्रदेशातील एकाही वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराचा विभाग नव्हता. लखनौहून आणि बंगळूरहून तज्ज्ञ आले, १९८५ मध्ये सामान्य डॉक्टरांना मानसिक व्यथा ओळखण्याचे अल्पमुदतीचे शिक्षण दिले गेले. शहराला मानसोपचाराची ओळख झाली ती अशा किमतीने. आणि ज्या बायकांनी आंधळा झालेला नवरा आणि दचकून उठणारी मुले एकाच वेळी सांभाळली, त्यांच्या वाट्याला नुकसानभरपाईच्या फॉर्मवर पुन्हा अर्जदाराचीच जागा आली.

सांभाळणाऱ्यांनी एकत्र बसण्याची कल्पना आपल्याकडे पाश्चात्त्य देशांतून आली, हे कबूल करण्यात कमीपणा नाही. अमेरिकेत मद्यपींच्या घरच्यांची ‘अल-अनॉन’ ही संस्था १९५१ पासून चालू होती. विलायतेत १९७० मध्ये स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलाच्या बापाने टाइम्स पत्रास पत्र लिहिले आणि त्यातून दोन वर्षांत एक राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मराठी मुलखात या कल्पनेला स्वतःचे रूप आले ते पुण्यात. गर्दच्या व्यसनावर अनिल अवचटांनी लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. सुनंदा अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले. व्यसनमुक्तीची केंद्रे पुढे गावोगाव निघाली, काही तर नावालाच. पण मुक्तांगणने व्यसनी माणसाच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट चालविला, हे मला त्या संस्थेचे ऐतिहासिक कार्य वाटते. नवरा पुन्हा ‘स्लिप’ झाला, म्हणजे प्यायला, तर तो आपला पराभव नव्हे, त्याच्या बाटल्या शोधीत घरभर फिरणे म्हणजे उपचार नव्हे, मुलांची फी आधी भरावी, असल्या साध्या गोष्टी त्या बायका एकमेकींकडून शिकल्या. सासूने किंवा डॉक्टराने हेच सांगितले असते तर त्यांना तो उपदेश वाटला असता.

मनोविकृतीच्या बाजूस हे काम केले ते एका संख्याशास्त्रज्ञाने. धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता, आणि ही गोष्ट झाकण्याऐवजी त्यांनी तिला सार्वजनिक कार्याचा पाया केले. १९९७ मध्ये त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनची स्थापना केली. तेथे घरचे लोक नियमाने जमत, आणि सांभाळणाऱ्यास शुभंकर म्हणत. आपल्या मुलाविषयी चार परक्या माणसांपुढे मोठ्याने बोलण्याचा प्रसंग त्यांतील कित्येकांवर प्रथमच आला होता. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट वाण्यांच्याच पुढाकाराने २००४ मध्ये आला, आणि त्यात भ्रमिष्ट भावाइतकीच त्याला आपल्या संसारात आणून ठेवणारी बहीण महत्त्वाची आहे. मराठी पडद्यावर वेडा हा हशाचा किंवा भीतीचा विषय असे. सांभाळणारी माणसे त्यावर क्वचितच आली होती.

या दोन प्रवाहांच्या मधोमध मात्र एक खंदक राहिला आहे, आणि ज्या घरात भास व नशा एकत्र नांदतात ते घर नेमके त्यात पडते. व्यसनमुक्ती केंद्रात गेल्यावर ‘याला मानसिक आजार आहे, आधी तो आटोक्यात आणा’ असे सांगितले जाते. मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात ‘आधी दारू बंद करा, मग औषधाचा परिणाम दिसेल’ असे सांगितले जाते. आणि बाप मुलाला घेऊन या दोन दरवाज्यांमध्ये हेलपाटे घालतो, तोही मुलगा यावयास तयार असेल त्या दिवशीच. दोन्ही आजारांवर एकाच ठिकाणी, एकाच वेळी उपचार झाले पाहिजेत हे आता शास्त्राला मान्य आहे. कायद्यालाही मान्य आहे, हे पुष्कळांना माहीत नसते: २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून अमलात आला, त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू व मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित अवस्था घातल्या आहेत. त्याच कायद्याच्या अठराव्या कलमात, शासनाने पुरवावयाच्या सेवांच्या यादीत, रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा असे शब्द आहेत. १९१२ च्या मुचलक्यापासून या शब्दांपर्यंत यावयास एकशेपाच वर्षे लागली. ते कागदावरून खाली उतरावयाचे अद्यापि बाकी आहे.

बरखेड्यात आज साठ वर्षांपूर्वीच्या कामगारांची दुसरी-तिसरी पिढी आहे, आणि बरीच क्वार्टरे रिकामी पडली आहेत. नोकरी संपली की क्वार्टर सोडावे लागते, आणि आजारी मुलगा चाळिशीला आलेला असतो तेव्हाच आईबाप साठी ओलांडतात. म्हणजे जागा बदलल्याने ज्याची प्रकृती सर्वांत अधिक ढासळते त्यालाच जागा बदलावी लागते. ‘आमच्यानंतर याचे काय?’ हा प्रश्न अशा घरांत रोज असतो, फक्त तोंडाने उच्चारला जात नाही. त्याची उत्तरे अपुरी आहेत, पण काही आहेत. सरकारी नोकराच्या मानसिक विकलांग अपत्यास ठरावीक अटींवर आजन्म कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते. कामगारांना लागू असलेल्या १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतही कायमच्या व पूर्ण विकलांग अपत्याला वयाची अट न लावता निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. यासाठी विकलांगतेचा दाखला आईबाप हयात असतानाच काढून ठेवणे इष्ट असते, आणि लाजेपोटी तो काढला जात नाही. वसाहतीपासून जवळ, साकेतनगरात, २०१२ मध्ये सुरू झालेली एम्स आहे, आणि तेथे मानसोपचाराचा विभाग आहे. आता ग्वाल्हेर-नागपूरच्या गाडीची वाट पाहावी लागत नाही. १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही विनामूल्य सेवा चालू आहे. तो क्रमांक फिरविण्यास रुग्णच असले पाहिजे अशी अट नाही, त्याच्या आईने स्वतःसाठी फिरविला तरी चालतो. भोपाळातील मराठी मंडळे गणेशोत्सव, नाटके आणि व्याख्याने निष्ठेने करतात. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, महिन्यातून एक संध्याकाळ त्यांनी आपले दालन अशा घरांतील माणसांसाठी मोकळे ठेवावे, दारावर पाटी लावू नये, आणि आलेल्याला नाव विचारू नये.